अजून थोडं पुढे

"अजून थोडं पुढे जाऊ या ना?" अलास्कातल्या ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, घेऊन उतरलेल्या जवळजवळ प्रत्येक गटात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. गेल्या उन्हाळ्यात लॅम्पलू हिमनदीसमोर तो मराठीत कानावर आला. लेकीकडे अमेरिकेत आलेल्या, साठी ओलांडलेल्या काकू दोघांच्या कयाकमध्ये पुढच्या जागेवर बसल्या होत्या. वल्हं मांडीवर आडवं ठेवून त्या म्हणाल्या, "विमानं बदलून, बोटीत बसून इतक्या लांब आलो. आता एवढंसंच तर राहिलंय." गाइड म्हणून मी उत्तर दिलं, "नाही काकू, इथूनच." त्यांनी वाद घातला नाही, पण परतीच्या वाटेवर त्या फारसं बोलल्या नाहीत. त्यांचं ते गप्प होणं उन्हाळा सरला तरी मनातून जात नाही, कारण त्यांच्या डोळ्यांना जे दिसत होतं त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. समोरची बर्फाची भिंत खरोखरच हाकेच्या अंतरावर दिसत होती. मोजलं असतं तर सव्वा किलोमीटर भरलं असतं.

इथे डोळा फसतो, आणि तो प्रत्येकाचाच फसतो. अंतराचा अंदाज आपण ओळखीच्या वस्तूंवरून घेतो. झाड केवढं, माणूस केवढा, खिडकी केवढी. हिमनदीच्या तोंडाशी यातलं काहीच नसतं. दोन्ही बाजूंना नुकताच उघडा पडलेला खडक, मध्ये निळसर पांढरी भिंत, खाली राखाडी पाणी. हवा इतकी स्वच्छ की लांबच्या गोष्टींवर एरवी जो धूसरपणा चढतो तोही नाही. त्यात कयाकमध्ये बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून जेमतेम पाऊण मीटर वर. याच खाडीतल्या मार्जरी हिमनदीची भिंत पाण्याच्या वर सत्तरेक मीटर, म्हणजे वीस मजल्यांहून उंच, आणि दीडेक किलोमीटर रुंद आहे. एवढं मोठं काही समोर असू शकतं हे मेंदू मान्य करत नाही. ते जवळ आहे म्हणून मोठं दिसतंय, असं ठरवून तो मोकळा होतो.

म्हणून आधी आकडे सांगण्यापेक्षा कान वापरायला लावणं बरं. भिंतीवरून बर्फाचा तुकडा सुटताना दिसला की सेकंद मोजायला लागायचं. थंड हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३३० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांनी गडगडाट पोचला तर अंतर एक किलोमीटर. पाहुणे मोठ्याने मोजतात आणि तीनपर्यंत पोचता पोचता त्यांचे चेहरे बदलतात. मघाशी फ्रिजएवढा वाटलेला तुकडा घराएवढा होता हे आपोआप उमगतं. त्यानंतर पुढे जायचा आग्रह बहुधा कुणी धरत नाही. त्या दिवशी मात्र आम्ही समोर होतो तेवढा वेळ भिंतीवरून काहीच पडलं नाही. शांत भिंतीसमोर अंतर पटवून देणं सगळ्यात अवघड जातं.

समुद्रात उतरणाऱ्या हिमनदीपासून कयाकने किमान पाव मैल, म्हणजे चारशे मीटर लांब राहावं, असं इथलं नॅशनल पार्क सांगतं. गाइडचं स्वतःचं अंतर याहून बरंच मोठं असतं, आणि असायला हवं. भिंतीवरून कोसळणारा बर्फ दिसतो तरी. पाण्याखाली सुटलेला आधी दिसत नाही. भिंतीचा पाण्यातला भाग कधी कधी वरच्या भागाच्या पुढे आलेला असतो. तो सुटला की तळातून उसळी मारून थेट वर येतो, तोही भिंतीपासून चांगलाच अलीकडे, जिथे क्षणापूर्वी पाणी सपाट होतं. हिमखंडांचंही तसंच. पाण्यावर दिसतो तो साधारण एक दशांश. बाकीचा खाली वितळत असतो, त्याचा तोल बदलत असतो, आणि कुठलीही सूचना न देता तो उलटतो. खंड जेवढा लांब-रुंद दिसतो त्याच्या कित्येक पट अंतर ठेवायचं. फोटोसाठी त्याला हात लावायला जाणाऱ्याला थांबवायचं ते प्रेमाने, पण लगेच.

तरी पाण्यात असणाऱ्यापेक्षा किनाऱ्यावर उभा राहिलेला माणूस जास्त धोक्यात असू शकतो, हे नवख्यांना पटत नाही. बर्फ कोसळून उठलेली लाट खोल पाण्यात लांबट, मऊ फुगवट्यासारखी येते. कयाकचं तोंड तिच्याकडे वळवलं, वल्हं पाण्यात ठेवलं की ती खालून निघून जाते. तीच लाट उथळ किनाऱ्याशी आली की उभी राहते आणि फुटते, बर्फाच्या ढेकळांसकट. त्यामुळे हिमनदीसमोर जेवायला थांबलो तर कयाक उचलून पार वर ओढायच्या, आणि पाण्याच्या कडेला पाठ करून कुणालाही उभं राहू द्यायचं नाही. ओहोटीला वाळूत रुतून बसलेले हिमखंड तर मुलांना हमखास बोलावतात. पाणी उतरलं की त्यांचा आधार गेलेला असतो. त्यांच्या सावलीत खेळू देऊ नये.

माणसाची जवळ जाण्याची हौस इथे नवी नाही.

१७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकूव्हरच्या मोहिमेतला अधिकारी जोसेफ व्हिडबी इथून गेला तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. मुखाशीच बर्फाची भिंत उभी होती. १८७९ च्या ऑक्टोबरमध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर इथल्या मूळच्या त्लिंगित लोकांपैकी सोबत्यांच्या होडीतून आला तोवर बर्फ साठ किलोमीटरहून जास्त आत सरकला होता. म्यूरचं नाव सगळ्यांना माहीत असतं. मला त्याच्या होडीतले लोक जास्त जवळचे वाटतात. टोयाट हा होडीचा म्होरक्या आणि सिटका चार्ली हा लहानपणी बापाबरोबर सीलच्या शिकारीला या खाडीत येऊन गेलेला. चार्लीच्या आठवणीतली खाडी आणि समोरची खाडी जुळेना. मग वाटेतल्या हूना लोकांच्या, म्हणजे याच भागातल्या त्लिंगितांच्या, शिकारी तळावरून एका जाणत्याला बरोबर घ्यावं लागलं. वाट दाखवणाऱ्याचंच ज्ञान एका आयुष्यात जुनं व्हावं, अशी ही जागा. पुढच्या काही वर्षांत वाफेवरच्या बोटी प्रवाशांना घेऊन म्यूर हिमनदीच्या तोंडाशी येऊ लागल्या. त्या काळची ती सगळ्यात गाजलेली हिमनदी. मग सप्टेंबर १८९९ च्या भूकंपाने तिचं तोंड असं काही मोडलं की सुट्या बर्फाने खाडी भरून गेली आणि पुढची कित्येक वर्षं बोटींना जवळ जाताच आलं नाही. १९१६ पर्यंत खाडीच्या मुख्य फाट्यातली ग्रँड पॅसिफिक हिमनदी मुखापासून सुमारे १०५ किलोमीटर आत, टार इनलेटच्या टोकाशी गेली होती. म्यूर हिमनदी तर आता समुद्रापर्यंत पोचतच नाही.

अंतर राखायचं ते फक्त बर्फाशी असं नाही. ते दर सहा तासांनी पाण्याशीही राखावं लागतं. कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीची भांग त्याच्या अंगात असते. पण मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, आणि इथे ते साडेसात मीटरपर्यंत जातं. पाणी एका वेगाने चढत नाही हे ध्यानात ठेवण्यासाठी बारा भागांचा जुना हिशेब सगळे गाइड वापरतात. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासात एकूण चढाचा एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चढ सहा मीटरचा असेल तर तिसऱ्या तासातच दीड मीटर पाणी वर येतं. किनाऱ्याचा उतार वीसास एक असेल, तर त्या एका तासात पाण्याची रेघ तीस मीटर पुढे सरकते, म्हणजे मिनिटाला अर्धा मीटर. चहाचं पाणी उकळून चहा पिऊन होईपर्यंत दगडावर ठेवलेले बूट तरंगायला लागतात. यात गंमत काही नाही. कयाक वाहून गेली की चालत परत जायला रस्ता नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही. म्हणून तळावर पोचल्यावर सगळ्यात आधी, भूक लागलेली असो की पाऊस असो, कयाक रिकाम्या करून शेवटच्या भरतीच्या रेघेच्या वर उचलून न्यायच्या आणि झाडाला किंवा मोठ्या धोंड्याला बांधायच्या. रिकामी जोडकयाकसुद्धा चाळीस किलोंच्या वर भरते. भरलेली कधी उचलू नये. कंबर जाते आणि कयाकचा तळही.

भरतीची रेघ ओळखायची कशी, तर वाळलेल्या समुद्री शेवाळाच्या ओळींवरून. त्या बहुधा दोन-तीन असतात. सगळ्यात वरची, करडी पडलेली ओळ गेल्या उधाणाची. तंबू तिच्याही वर. मात्र रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असू शकते, म्हणून कोष्टक पाहिल्याशिवाय ओळींवर विसंबू नये. आणि त्या वरच्या पट्ट्यावर तंबूचा पहिला खिळा ठोकण्याआधी गुडघ्यावर बसून जमीन बघावी. ब्लॅक ऑयस्टरकॅचर नावाचा काळाकुट्ट, लाल चोचीचा पक्षी नेमका तिथेच घरटं करतो. घरटं म्हणजे गोट्यांमधला नुसता खळगा, तळाशी शिंपल्यांचे थोडे तुकडे. त्यात दोन किंवा तीन अंडी, मातकट रंगाची, वर काळे शिंतोडे. एक फुटावरून बघितलं तरी ती आसपासच्या गोट्यांपेक्षा वेगळी दिसत नाहीत. फक्त नीट पाहिलं की गोट्यांवर पावसाचे थेंब थांबलेले असतात, अंड्यांवर नसतात, कारण पक्षी आत्ताच उठून गेलेला असतो. तो लांब जात नाही. दहा-पंधरा मीटरवर, पाण्याच्या कडेला येरझारा घालत तीक्ष्ण शिट्ट्या मारत राहतो. तशा शिट्ट्या ऐकू आल्या की सामान खाली न ठेवता दुसरीकडे जागा बघायची, मग ती कितीही आडबाजूला असो. आई-बाप जेवढा वेळ उठून असतात तेवढा वेळ अंडी गार पडतात, आणि आकाशात कावळे, गलसारखे समुद्रपक्षी टपलेले असतातच.

स्वयंपाक तंबूपासून शंभर यार्डांवर, आणि तोही भरतीच्या पट्ट्यात, म्हणजे ओहोटीने उघड्या पडलेल्या दगडांवर करायचा. सांडलेलं, शिंतोडलेलं पुढची भरती धुऊन नेते आणि अस्वलाला वास राहत नाही. वास येणारं सगळं जाड प्लॅस्टिकच्या, अस्वलाला न उघडता येणाऱ्या डब्यात. सगळं म्हणजे टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम, खिशातली बडीशेपसुद्धा. आपल्याकडच्या पाहुण्यांना इथे थोडं जास्त सांगावं लागतं, कारण त्यांच्या पिशवीत मेथीचे ठेपले, लसणाची चटणी, तुपातले लाडू असतात, आणि "हे तर घट्ट बांधलंय" असं ते मनापासून म्हणतात. लाडू थंडीत अतिशय उत्तम अन्न आहे. एका लाडवावर माणूस तासभर वल्हं मारतो. पण तो डब्यात. अस्वलाला एकदा तंबूत खाणं मिळालं की ते पुढच्या तंबूतही शोधतं, आणि मग शेवट अस्वलाचाच होतो. डबे पार्ककडून मिळतात, तळ ठोकण्याचा परवानाही. आणि उन्हाळ्यात येणाऱ्या प्रत्येकाला आधी बार्टलेट कोव्हला, पार्कच्या मुख्य ठाण्यात, बसून हे सगळं ऐकून घ्यावं लागतं. काहींना तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. मला तो पुरेसा वाटत नाही.

भरतीच्या रेघेच्या वर तंबू लावला की झालं, असं मानणारे आम्हीही गेल्या वर्षीनंतर जरा वेगळा विचार करायला लागलो. १० ऑगस्ट २०२५ ला पहाटे, अलास्काची राजधानी जूनोच्या दक्षिणेला ट्रेसी आर्म फियॉर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधल्या अरुंद खाडीत, साउथ सॉयर हिमनदीजवळ डोंगराचा कडा कोसळला. समोरच्या उतारावर पाणी शेकडो मीटर वर चढलं. फियॉर्डच्या तोंडाशी असलेल्या हार्बर बेटावर कयाकवाल्यांचा तळ होता. माणसं वाचली, सामान बरंचसं वाहून गेलं. बर्फ मागे सरकला की त्याने धरून ठेवलेले उतार सुटे होतात. आमच्याच पार्कच्या बाहेरच्या किनाऱ्यावर लिटुया बेमध्ये १९५८ मध्ये भूकंपाने कडा कोसळून पाणी ५२४ मीटर उंचीपर्यंत चढलं होतं. हे सगळं पाहुण्यांना घाबरवण्यासाठी सांगायचं नसतं. पण तळ निवडताना नुसतं पायाखाली आणि पाण्याकडे बघणं पुरत नाही. समोरच्या कड्यावर ताज्या, फिकट रंगाच्या खडकाचे ओरखडे आहेत का, तिथून दगड घसरल्याचा आवाज येतोय का, हेही पाहावं लागतं.

पाणी थंड आहे हे सगळ्यांना माहीत असतं. किती थंड म्हणजे काय, हे माहीत नसतं. बर्फाजवळ ते चार-पाच अंशांच्या आसपास असतं. अशा पाण्यात पडलं तर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, माणूस धापा टाकतो आणि त्यात पाणी गिळतो. पुढची दहा मिनिटं हात-पाय उपयोगाचे असतात. बोटं नंतर ऐकत नाहीत. शुद्ध साधारण तासाभराने हरपते. म्हणजे कयाक उलटली तर जे काही करायचं ते त्या दहा मिनिटांत. म्हणूनच किनाऱ्यावर, कोरड्या वाळूत कयाक ठेवून आधी सराव करून घ्यायचा. कंबरेभोवतीचा, कयाकमध्ये पाणी शिरू न देणारा स्प्रे स्कर्ट कयाकच्या तोंडाच्या कडेवर मागून पुढे बसवत आणायचा. पुढच्या टोकाला एक पट्टीचा फास असतो. तो बाहेर राहिला पाहिजे. नवखा माणूस स्कर्ट ओढून बसवण्याच्या नादात तो हमखास आत दुमडतो, आणि वरून सगळं नीट बसल्यासारखं दिसतं. कयाक उलटली तर पुढे वाकून, तो फास धरून आधी पुढे आणि मग वर ओढायचा असतो. आत असेल तर डोकं पाण्याखाली असताना गारठलेल्या बोटांनी कड चाचपत बसावं लागेल. निघताना प्रत्येक कयाकजवळ जाऊन गाइड तो फास हाताने धरून बघतो. डोळ्यांनी बघून भागत नाही, हात लावायचा. चांगला गाइड ओळखायची ही खूण आहे, त्याच्या गोष्टी किती रंगतात ही नव्हे.

पाण्यावर सगळ्यात हळू जाणारी कयाक पुढे ठेवायची आणि बाकीच्यांनी तिच्या मागे राहायचं. जोडकयाकमध्ये मागचा माणूस पायाने सुकाणू सांभाळतो आणि पुढचा वल्ह्याची लय ठरवतो; नवरा-बायको असतील तर पहिल्या तासात थोडी बोलाचाली होतेच. असा गट तासाला चार-पाच किलोमीटर जातो. त्यावरून फाटा ओलांडायचा की नाही ते ठरतं. साडेतीन-चार किलोमीटर रुंद पाणी म्हणजे पाऊण-एक तास उघड्यावर, दोन्ही किनारे लांब. सकाळी काचेसारखं असणारं पाणी सूर्य चढल्यावर वाऱ्याने पिंजायला लागतं. हिमनदीवरून उतरणारा गार वारा तर उन्हातही अचानक येतो. तेव्हा ओलांडायचं ते सकाळी, नाही तर नाही. बार्टलेट कोव्हहून बिअर्ड्स्ली बेटांत जाणारी एक अरुंद वाट आहे, तिला सगळे 'द कट' म्हणतात. ती भरतीच्या आसपासच कयाकला मिळते; ओहोटीला चक्क चालत जाता येतं. बर्फाचं ओझं उतरल्यामुळे इथली जमीन अजून दर वर्षी सुमारे तीन सेंटिमीटर वर येते आहे. त्यामुळे जुन्या नकाशावर जिथे पाणी आहे तिथे आता गवत असू शकतं, आणि कधी निघायचं याचा काही वर्षांपूर्वीचा अंदाज आज तसाच वापरता येत नाही.

पायी चालणं पाण्यापेक्षा सोपं असेल असं वाटतं. बार्टलेट कोव्हच्या बाहेर आखलेली पायवाट जवळजवळ नाहीच. हिमनदीच्या ओढ्यांच्या तोंडाशी खडक दळून झालेला पिठासारखा बारीक गाळ साचतो. वरून घट्ट, आतून पातळ. पाय पोटरीपर्यंत गेला आणि माणसाने तो जोराने सरळ वर ओढला तर तो अजून घट्ट बसतो, आणि दुसरा पायही आत जातो. त्याऐवजी मागे टेकून बसायचं, वजन पसरायचं, आणि पाय बुटातल्या बुटात हलवत आत पाणी शिरू द्यायचं; मग तो सुटतो. बूट राहिला तरी हरकत नाही. हिमनदीचे ओढे सकाळी लवकर ओलांडावेत, कारण दिवसभराच्या वितळण्याने दुपारनंतर त्यांचं पाणी वाढतं. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा त्याआधी सोडायचा. पडलो तर पिशवी झटकून टाकता आली पाहिजे. आल्डरच्या दाट झुडपात शिरायचं तर सतत मोठ्याने बोलत. अस्वलाला माणूस नको असतो, त्याला फक्त आधी कळलेलं हवं असतं. तिथे मराठी गाणी म्हणणारे पाहुणे मला फार आवडतात.

चालायला लागलं की या जागेची खरी श्रीमंती कळते. हिमनदीच्या पायथ्याशी नुसता दगड. थोडं अलीकडे काळपट शेवाळाचा पापुद्रा, मग जमिनीलगत पसरणाऱ्या ड्रायासच्या चटया, ज्यांच्या मुळांतले सूक्ष्म जीव हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. मग विलो, मग आल्डरची दाटी, तिच्यातून डोकं काढणारे स्प्रूस, आणि बार्टलेट कोव्हला पोचलं की शेवाळाने मढलेलं स्प्रूस-हेमलॉकचं जंगल. विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये इथे लहान लहान चौकोन आखून त्यातलं एकेक रोप नोंदवलं, आणि त्या चौकोनांवर आजही काम चालू आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ त्याच चार हात जमिनीकडे वाकून बघत राहणं, ही मला जगातल्या फार मोठ्या कामांपैकी एक वाटते. म्हणून ड्रायासच्या चटईवर तंबू लावायचा नाही, वाळूवर किंवा गोट्यांवर लावायचा. एका रात्रीत उखडलेली चटई पुन्हा धरायला किती उन्हाळे लागतील ते सांगता येत नाही.

सीलबद्दल एक गैरसमज कयाकवाल्यांमध्ये घट्ट आहे. आपल्याला इंजिन नाही, आवाज नाही, तेव्हा आपला त्रास नाही, असं ते समजतात. हिमखंडावर पिल्लाजवळ पडलेल्या मादीला मात्र पाण्यालगत, गुपचूप सरकत येणारी आकृती बोटीपेक्षाही भयानक वाटू शकते. ती पाण्यात उडी मारते, पिल्लू वर राहतं, तेवढ्यात बर्फ वाहत पुढे जातो. जॉन्स हॉपकिन्स फाटा मे-जूनमध्ये कयाकसकट सगळ्यांना बंद असतो तो यासाठी. व्हेल दिसला तर पाव सागरी मैल लांब राहायचं. तो स्वतःच जवळ आला तर थांबून वल्ह्याने कयाकवर टकटक करायची, म्हणजे त्याला आपण कुठे आहोत ते कळतं.

आणि ज्यांची ही खाडी आहे त्या हूना लोकांना इथून किती लांब ठेवलं गेलं, हे सांगितल्याशिवाय कुठलीही फेरी पूर्ण झाली असं मला वाटत नाही. अठराव्या शतकात बर्फ पुढे आला तेव्हा त्यांची गावं गेली. बर्फ मागे गेल्यावर ते शिकारीला, बोरं वेचायला, गलची अंडी गोळा करायला परत येऊ लागले. १९२५ मध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारक झाली, आणि पुढे नियम कडक होत गेले तसं हे सगळं बंद पडलं. अंडी गोळा करण्याची मुभा अमेरिकी काँग्रेसच्या कायद्याने परत मिळाली ती २०१४ मध्ये. २०१६ मध्ये बार्टलेट कोव्हला त्यांचं कोरीव लाकडी कुलगृह उभं राहिलं. आम्ही पाहुण्यांना अंतर राखायला शिकवतो ते बरोबरच आहे. पण सगळ्यांसाठी अंतर सारखं नसतं. शिकाऱ्यांच्या ज्या पिढ्यांना कुठल्या महिन्यात किती अंडी उचलली तर पक्षी पुन्हा घालतो हे माहीत होतं, त्यांना आणि आठवड्यासाठी आलेल्याला एकच रेघ आखून देणं मला कधीच पटलेलं नाही.

बर्फ जायच्या आत बघून घ्यावा म्हणून लोक येतात. ते विमानाने येतात, आमची रोजीरोटी त्यावर चालते, आणि त्या विमानाचा धूर हिमनदीला उपयोगाचा नाही हे आम्हाला आणि त्यांनाही माहीत असतं. रात्री तंबूबाहेर बसून याविषयी बोलणारे पाहुणे असतात. मी त्यांना समजूत घालणारं काही सांगत नाही, कारण माझ्याकडे तसं काही नाही. पण ज्याने पाच दिवस दर सहा तासांनी कयाक वर-खाली केली, पावसात डबा उघडून पोहे केले, घरटं दिसलं म्हणून तंबू उचलून दुसरीकडे नेला, तो नुसता फोटो घेऊन परतणाऱ्यापेक्षा वेगळा परततो, एवढं मला दिसतं.

तुम्हाला यायचं असेल तर जूनचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्टचा मध्य हा काळ बरा. पार्कजवळच्या गस्टेव्हस गावाला रस्त्याने येता येत नाही. जूनोहून छोटं विमान किंवा फेरीबोट. कयाकवाल्यांना आत नेऊन सोडणारी दिवसाची बोट असते, तिची जागा खूप आधी धरावी लागते. पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, पण दिवस दिवस भुरभुरतो, म्हणून सुती कपडा एकही आणू नका. भिजलेला सुती बनियन अंगातली ऊब ओढून घेतो. लोकरीचे दोन जोड, लोकरीची टोपी, आणि गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारे रबरी बूट, जे इथे भाड्याने मिळतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर पहिल्याच दिवशी सांगा. आणि गाइड विचारेल, "पोहता येतं का?" तेव्हा खरं सांगा. येत नसेल तर कुणी परत पाठवत नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांच्याच अंगात असतं. पण कोणाला कोणाबरोबर बसवायचं, गाइडने स्वतःची कयाक कुणाच्या शेजारी ठेवायची आणि वारा उठल्यावर आधी कुणाकडे वळायचं, हे त्या एका उत्तरावरून ठरतं.